गुरुवारची गाडी

३ डिसेंबर १९५३, गुरुवार

गेली गाडी! हिरवी, वर ताडपत्री, खुळखुळ्यासारखी वाजत गेली. छावणीतल्या ज्या बाईचे दिवस भरत आलेत, तिनं या गाडीत बसायचं आणि शहरातल्या मोठ्या लष्करी हॉस्पिटलात जाऊन पडायचं. आठवड्यातून एकदा, गुरुवारी. आज तिघी गेल्या. एकीच्या हातात उशी, दुसरीच्या हातात चक्क कोंबडी — शेजारणीकडे ठेवायला वेळच मिळाला नाही म्हणे!

मी ओट्यावरून हात हलवला आणि सहज विचारलं, "आणि कळा शुक्रवारी आल्या तर?"

शेजारच्या मालननं कडेवरची पोर माझ्यापुढे धरली. मालन म्हणजे नाईक जयवंतची बायको, मालवणकडची, तोंडाची फटकळ. "ही बघा काकू. गाडीतच झाली. जोगेश्वरीक रेल्वेचा फाटक बंद होता, पण ह्या चेडवाक धीर खंय!"

म्हणून पोरीचं नावच जोगेश्वरी. लाडानं जोगी.

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. कुंदा तेवढी उठून आत गेली.

४ डिसेंबर

मी इथे आल्याला आठवडा झाला. अनंता कोरियात गेला — तिथल्या कैद्यांवर पहारा करायला आपली पलटण हवी होती म्हणे! — आणि इकडे सुनेला आठवा महिना. तिची आई नाही. मग काय, गिरगावची खोली बंद केली, ट्रंक उचलली आणि बोरिवलीला आले.

"चल की माझ्याकडे," म्हटलं तर कुंदा ऐकत नाही. "आई, क्वार्टर सोडलं तर दुसऱ्याला देऊन टाकतील. हे परत आल्यावर आम्ही राहायचं कुठं?" खरं आहे. कॅप्टनचं क्वार्टर असलं तरी तीच गत.

शिवाय अनंता जाताना छाती फुगवून सांगून गेलाय, "आई, छावणीत सगळी सोय आहे." पुरुषांना इमारत दिसली की सोय दिसते!

पण हवा काय सुंदर आहे इथली. युद्धात बांधलेल्या बराकी, मागे ताडाची रांग, पहाटे नीरावाला हाक मारतो. थंडी म्हणावी इतकी थंडी. काल नीरेचे दोन पेले प्याले. या वयात!

७ डिसेंबर, सोमवार

कुंदाला घेऊन एम. आय. रूमला गेले. छावणीचा दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन बाटल्या आणि औषध देणारा धोंडू. एका बाटलीत लाल औषध, एकीत पांढरं. ताप असेल तर लाल, पोट दुखत असेल तर पांढरं. धोंडूला विचारलं, "आणि दोन्ही असेल तर?" म्हणाला, "मग आधी लाल, माँजी."

सकाळी आधी जवानांची सिक परेड. आजारी शिपाई रांगेत उभे, हवालदार त्यांना कवायतीनं आणतो, डॉक्टर एकेकाला बघतात. ती संपली आणि वेळ उरला तर फॅमिली. ऑफिसरांच्या बायकांना बसायला खुर्ची, जवानांच्या बायकांना ओटा. पण औषध दोघींना तेच लाल नाहीतर पांढरं. एवढी समता मात्र आहे!

डॉक्टर कॅप्टन नंदकुमार. पोरगेला, गोरा, सज्जन. कुंदाकडे बघायचं सोडून सगळा वेळ भिंतीवरच्या डासांच्या तक्त्याकडे बघत होता. तिला काय होतंय ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. शेवटी सवयीनं म्हणाला, "मेडिसिन अँड ड्यूटी!" म्हणजे औषध घे आणि कामावर चालू लाग. शिपायांना म्हणतो तेच.

मी म्हटलं, "ड्यूटी ती करतेच आहे, डॉक्टर. रात्रंदिवस!"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग मी कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर बेनेडिक्टांच्या इंग्रजीत विचारलं की बाळंतपणं किती केलीत? तो उभाच राहिला! "परीक्षेपुरती, मॅडम. मला गोळीची जखम येते, मलेरिया येतो. हे... हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

खरं बोलला. त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना.

घरी येताना कुंदा म्हणाली, "आई, मला फाटकापाशी नाही हो व्हायचं." एवढंच. मी तिचा हात धरला. गार होता.

१० डिसेंबर, गुरुवार

गाडी बिघडली. गेलीच नाही. "पुढच्या गुरुवारी," म्हणाला धोंडू, जसं काही पोटातल्या बाळांनाही तसं कळवलंय.

१४ डिसेंबर, सोमवार

आज मात्र डोकं तापलं माझं!

जोगीचा कान ठणकत होता. पोर रात्रभर रडली. मालन सकाळपासून ओट्यावर बसून. सिक परेड लांबली, डॉक्टरांना पुढे कुठेशी इन्स्पेक्शनला जायचं होतं, गेले. धोंडू लाल बाटली घेऊन आला. कानाला लाल औषध! मी म्हटलं, डॉक्टरांना थांबवायचं नाहीस का रे?

"माँजी, नियम हाय. परेडवर असंल त्याला डॉक्टर बगितल्याबिगर जात नाय. फॅमिली परेडवर नाय."

"असं? म्हणजे परेडवर असलेल्याला बघितल्याशिवाय जात नाहीत?"

"अजिबात नाय. कर्नलसाहेबांचा हुकूम."

"मग आम्ही परेडवर आलो तर?"

धोंडू इतका हसला की त्याची टोपी पडली. "या की, माँजी! या!"

मी पण हसले. पण मी गंमत करत नव्हते. सुभेदार काशीरामच्या जानकीबाई तिथेच होत्या, आपल्या गुडघ्याचं रडगाणं घेऊन. साताऱ्याकडच्या, उंचनिंच. त्यांचा आवाज सुभेदारांपेक्षा मोठा आहे असं छावणीत बोलतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

"काकू," त्या म्हणाल्या, "कवायत तुमास्नी येती?"

येते! न यायला काय झालं!

(जोगीच्या कानात कोमट तेल घातलं. दुपारी झोपली.)

१६ डिसेंबर

सिस्टर बेनेडिक्टा, तुम्ही आज हव्या होतात!

वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात दर शनिवारी आमची ड्रिल असायची. पांढरे फ्रॉक, काळे मोजे, आणि सिस्टरांच्या हातात लाकडी पट्टी. "गर्ल्स, चिन अप!" मला डावं-उजवं कधी कळायचं नाही, म्हणून सिस्टर माझ्या डाव्या बुटाला निळी रिबन बांधायच्या. वर्षातून एकदा त्या आम्हाला मढला न्यायच्या, होडीतून. तिथे वाळूवरसुद्धा ड्रिल! मासे वाळत घालणाऱ्या कोळणी हातातलं काम टाकून बघत राहायच्या.

तर आज दुपारी, पुरुष कामावर गेल्यावर, ताडांच्या मागे आमची पहिली कवायत. माझा जुना निळा परकर फाडून चिंध्या केल्या आणि प्रत्येकीच्या डाव्या घोट्याला एक बांधली. "निळा पाय आधी!" शिकवणं माझं, हुकूम जानकीबाईंचे. "परेड — सावधान!" म्हटल्याबरोबर ताडावरचे कावळे उडाले.

मालनला वळताच येईना. ती वळते ती थेट घराकडे तोंड करून. "माका चुलीवरचा भात दिसता," म्हणते!

कुंदाला मी भाग घेऊ दिला नाही. ती दगडावर बसून ताटलीवर चमच्यानं ताल देत होती. किती दिवसांनी हसताना बघितलं तिला. हसता हसता ताल चुकायचा आणि सगळी पलटण एकमेकींवर आपटायची.

१९ डिसेंबर, शनिवार

आज एक नवीन बाई आली. धुवट साडी, डोक्यावरून पदर पार कपाळापर्यंत. चाळिशीची असेल. गुपचूप शेवटच्या रांगेत उभी राहिली. मी चिंधी दिली, तिनं वाकून बांधून घेतली.

पण चालते कशी! पाय जमिनीवरून उचलतच नाही, जसं काही फरशी ओली आहे. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी ओरडलेच, "अगं, पाय उचल गं! मिरवणुकीत आहेस का? कोणत्या कंपनीतली तू?"

"हेडक्वार्टरमधली," ती हळूच म्हणाली. बोलण्याला इंदूरकडची लय.

कुणा क्लार्कची बायको असावी. जरा जास्तच बोलले का मी? जाताना तिला थोडी चिक्की दिली. तिनं दोन्ही हात पुढे करून घेतली, लहान मुलीसारखी.

२१ डिसेंबर, सोमवार

कुठून सुरुवात करू! हसू अजून थांबत नाही.

आठ वाजता जवानांची सिक परेड उभी होती. कुणाचा अंगठा बांधलेला, कुणी कुडकुडत. आणि बराकीच्या कोपऱ्यावरून आम्ही! तीन-तीनच्या रांगा, कडेवर पोरं, घोट्याला निळ्या चिंध्या. सर्वांत पुढे जानकीबाई, गुडघा विसरून.

"परेड — थम!"

थांबलो. जवळजवळ एकदम. मालनसुद्धा दवाखान्याकडे तोंड करून थांबली!

धोंडूच्या हातातून चमचा पडला. जवान आधी हसले. पण जानकीबाईंनी "सावधान!" म्हटल्यावर सवय ती सवय — बांधलेला अंगठाही टाच जुळवून ताठ! मी पुढे झाले. "धोंडू, फॅमिली परेडवर आहे. डॉक्टरांना सांग."

आणि नेमके तेव्हाच नवे कर्नलसाहेब जीपमधून उतरले. त्यांना इथे येऊन पुरता पंधरवडाही झाला नाही. अनंताला कोरियात शिक्षा तर नाही ना व्हायची, असलं काहीतरी मनात आलं! पण जानकीबाई कुणाला भिणार? त्यांनी खाडकन सलाम ठोकला. साहेबांचा हात आपोआप वर गेला. सलाम घेतला म्हणजे परेड मानली! आता तपासणी केल्याशिवाय सुटका नाही.

ते पहिल्या रांगेपासून निघाले, छडी काखेत. "क्या तकलीफ?"

"पोरीचा कान, साब."

"आपको?"

"गुडघा. आन् ह्यास्नी सांगून उपेग न्हाई."

कुंदा माझं न ऐकता येऊन कडेला उभी राहिली होती. तिला विचारलं तेव्हा ती खाली बघत, पण स्पष्ट म्हणाली, "सर, माझं बाळ गुरुवारीच येईल असं मी सांगू शकत नाही."

साहेबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. पुढे सरकले. शेवटच्या रांगेत ती हेडक्वार्टरवाली. तिच्यापुढे ते थांबले ते थांबलेच. छडी काखेतून निसटली.

"रत्ना? तू?"

"रांगेत बोलायचं नसतं," पदराआडून उत्तर आलं.

देवा! कर्नलसाहेबांची बायको! रत्नप्रभाबाई! मी त्यांना शनिवारी काय काय बोलले होते ते आठवून जमिनीत गेले.

साहेबांनी घसा खाकरला. सगळी छावणी बघत होती. मग तेही नियमानंच बोलले, "तकलीफ?"

"डॉक्टरांना सांगेन," त्या म्हणाल्या. "बाई डॉक्टर आल्या की."

काय हजरजबाबी बाई! जवानांच्या रांगेत खसखस पिकली. साहेब वळले. डॉक्टर नंदकुमार दारात उभा होता, आणि त्या पोरानं धीर केला. "सर, यांचं बरोबर आहे. मला हे काम येत नाही. कुणीतरी यायला हवं."

साहेबांनी रांगेतल्या निळ्या चिंध्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "सोमवारी आणि शुक्रवारी बाई डॉक्टर येतील. मंजुरी मागाहून येईल. गाडी कुठल्याही वारी निघेल." आणि जानकीबाईंकडे वळून, "परेड, विसर्जन!"

आज डॉक्टरांनी दुपारपर्यंत सगळ्यांना बघितलं. जोगीच्या कानात थेंब घातले. लालही नाही, पांढरेही नाही. पारदर्शक!

२५ डिसेंबर

नाताळ. गावठाणातली ख्रिस्ती पोरं गिटार घेऊन बराकीपर्यंत आली. मला गाणी पाठ निघाली! कुंदा बघतच राहिली. सिस्टर, तुमच्या मुलीला अजून सूर लागतो. मालननं पोरांना घावणे दिले, त्यांनी आम्हाला केक.

४ जानेवारी १९५४, सोमवार

डॉक्टर जयंतीबाई आल्या! अंधेरीच्या. ठेंगण्या, जाड चष्मा, चालण्यात झपाटा. जुन्या गॅस-मास्कच्या कोठारात त्यांची खोली, बाळंतिणीची खाटही तिथेच. आम्ही दोन दिवस घासत होतो. पडदे रत्नप्रभाबाईंच्या बंगल्यावरचे — गुलाबी फुलांचे, लष्कराच्या भिंतीवर!

डॉक्टरबाईंनी कुंदाला तपासलं, पाऊण तास गप्पा मारल्या, आणि मूल नीट फिरलंय म्हणून सांगितलं. कुंदा बाहेर आली ती चेहराच वेगळा घेऊन. घरी जाऊन तीन पोळ्या खाल्ल्या.

रत्नप्रभाबाई मात्र स्वतः आत गेल्या नाहीत. बाहेर विणकाम घेऊन बसल्या आणि सगळ्यांचे नंबर लावत राहिल्या. "आधी त्या, मग त्या." मी त्या शनिवारच्या बोलण्याबद्दल माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "काकू, किती वर्षांनी मला कुणीतरी ओरडलं! बाईसाहेब, बाईसाहेब ऐकून कान किटले."

किती मोठं मन! आमच्यासाठी रांगेत उभी राहिली, आता आमच्यासाठी दारात बसते.

७ जानेवारी

गुरुवार. गाडी रिकामी गेली.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. सगळ्या बराकींतून तिळगूळ आला. पंजाबी, मद्रासी, आपली, सगळ्यांची चव निराळी. डॉक्टर नंदकुमारलाही दिला. "गोड बोला," म्हटलं. म्हणाला, "मॅडम, मी बोलतच नव्हतो, तीच तर तक्रार होती!" आता बोलायला लागलाय पोरगा.

कुंदाची कंबर भरून आलीय. म्हणते, "काही नाही हो, तीळ कुटले म्हणून."

१५ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवार! शुक्रवारीच! आमचं बाळ हट्टी आहे!

पहाटे कळा सुरू. कुंदा माझ्याकडे बघून कळेतही हसली, "आई, गाडी काल गेली!" मालननं एका हातानं तिला आणि दुसऱ्या हातानं कंदील धरला. कोठार शंभर पावलांवर. फाटक नाही, ताडपत्री नाही, खड्डे नाहीत. जानकीबाई पुढे, "बाजू व्हा, बाजू व्हा!" रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी!

जयंतीबाईंना आणायला जीप गेली, त्या उजाडायच्या आत हजर. डॉक्टर नंदकुमार बाहेर येरझारा घालत होता. बापानं काय घातल्या असत्या! मध्येच त्याला आत बोलावलं. "या, शिका," म्हणाल्या बाई. गेला, आणि शिकला.

मी कुंदाच्या उशाशी होते. तिनं माझी बोटं इतकी दाबली की आज पेन धरवत नाही. एकदा म्हणाली, "भीती वाटते." मग भीती वाटायलाही तिला वेळ मिळाला नाही.

मुलगी! साडेसहा पौंडांची, केस काळेभोर, नाक अगदी अनंताचं. रडली तेव्हा बाहेर सिक परेड उभी होती. धोंडूनं दारातून डोकं घातलं, बाळाला बघितलं, आणि बाहेर जाऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "नवी भरती! ड्यूटीवर हजर!"

सगळे जवान ओरडले. आजारी कोण होतं कोण जाणे!

अनंताला तार केली. रत्नप्रभाबाईंनी बाळाला उचललं आणि खिडकीपाशी कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. परत द्यायचंच विसरल्या. मीही मागितलं नाही.

२५ जानेवारी, सोमवार

उद्या बारसं. सगळ्या बायका तपासून झाल्या. रत्नप्रभाबाईंनी विणकाम पिशवीत ठेवलं, ओट्यावर कुणी उरलं नाही ना ते बघितलं, आणि माझा पदर धरला. "काकू, आता माझा नंबर. आत याल माझ्याबरोबर? एकटीला धीर होत नाही."

वय एक्केचाळीस. लग्नाला वीस वर्षं झाली, घर रिकामं. दिवाळीपासून मनात एकच — हे वय सरल्याचं, की आजार कसला, की...? विचारणार कुणाला? डॉक्टर नंदकुमार दर रविवारी त्यांच्याच टेबलावर जेवतो.

जयंतीबाईंनी तपासलं. पुन्हा तपासलं. हात धुता धुता म्हणाल्या, "चौथा महिना लागलाय. सगळं ठीक आहे."

रत्नप्रभाबाईंनी पिशवीतून निळी चिंधी काढली आणि बोटाला गुंडाळत बसल्या.

आणि मी तिला ओरडले होते — पाय उचल गं!